छतातले सीएफएल काढून एलईडी बसवताना

आमच्या हॉलच्या पीओपी सीलिंगमध्ये जुने सीएफएलचे डाउनलायटर होते. एकेकात १८ वॉटच्या दोन आडव्या पीएल नळ्या आणि वर जडशीळ चोक. अलीकडे त्या नळ्या दुकानांत मिळेनात, म्हणून सगळेच दिवे बदलायला काढले.

खरेदीआधी भोक मोजा, हे मी कळकळीने सांगेन. बाहेरून दिसते ती रिंग मोजून उपयोग नाही, दिवा खाली ओढून पीओपीतलं भोक मोजायचं. नव्या एलईडी पॅनलच्या खोक्यावर ‘कटआउट’चं माप असतं, ते याच्याशी जुळायला हवं. पॅनल लहान निघालं तर पीओपीवाला बोलवा, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. आम्ही सरकत्या क्लिपांची १५ वॉटची पॅनल घेतली, कारण भोकं हाताने कापलेली, एकसारखी कुठली असणार! ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा छोटा डबा, मात्र सुटा असलेलाच घेतला. एलईडीच्या आधी बहुतेक वेळा तोच जातो, मग तेवढाच बदलता येतो.

काम ओळखीच्या इलेक्ट्रिशियन दादांनी केलं. एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) पाडला, तरी प्रत्येक वायरला टेस्टर लावून पाहिला. चोक पूर्ण काढून २३० व्होल्टचा सप्लाय थेट ड्रायव्हरला दिला. चोकलगतच्या वायरींचं प्लास्टिक उष्णतेने इतकं कडक झालं होतं की वाकवलं की तडकायचं. दादांनी तेवढा भाग कापून चांगल्या वायरीला कनेक्टर लावले. हे मला फार पटलं. वर दिसत नाही म्हणून टेप गुंडाळून भागवणारेही असतात.

रात्री बटण बंद केल्यावरही एक दिवा मिणमिणत राहिला. दादा म्हणाले, “ताई, बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलाय.” म्हणजे बटण बंद असलं तरी ड्रायव्हरपर्यंत फेज (करंट असलेली वायर) पोचत होता, आणि किंचित करंट झिरपला तरी एलईडी मंद पेटते. खरं तर हा धोकाच, दिवा बदलायला गेलेल्याला शॉक बसू शकतो. बोर्ड उघडून त्यांनी फेज बटणावर घेतला आणि ते मिणमिणणं थांबलं.

उजेडाचा रंग हॉलला ४००० केल्विन घेतला, जेवणाच्या टेबलावर जरा पिवळसर ३०००. ६५०० चा पांढराफटक उजेड घरात मला नकोच वाटतो. आता लोडही निम्म्याहून कमी झाल्यामुळे वीज गेली की सगळे दिवे इन्व्हर्टरवर चालतात.

काढलेल्या नळ्यांत पारा असतो. त्या न फोडता कागदात गुंडाळून ई-कचऱ्यात दिल्या.