तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्गन दुरुस्त करायला सहा महिने का लागले?

सांगलीत नाट्यगीतांची बैठक असली की मध्यंतरात कुणीतरी ऑर्गनजवळ येतं आणि विचारतं, "सूर घासायचे, जुळवायचे, एवढंच ना? मग सहा महिने कसले?"

सूर घासणं मी शक्यतो टाळतोच. सूर म्हणजे पितळेची जीभ. टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. ६१ पट्ट्या, दोन संच, म्हणजे असे १२२ सूर.

आणि बहुतेकदा ते बिघडलेले नसतातच. आपली पेटी हवा बाहेर फुंकते, हा अमेरिकन धाटणीचा ऑर्गन हवा आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज गोल, गायकाच्या गळ्याला कुठेही न टोचणारा. पण त्या ओढीबरोबर खोलीतली धूळही सुरांपर्यंत जाते. सतरंजीचा एक तंतू अडकला तरी सूर मुका. माझे एकोणीस मुके होते; सतरा नुसत्या मऊ ब्रशनं बोलू लागले.

वेळ खाल्ला तो भात्यानं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हा ऑर्गन कृष्णेच्या पाण्यात उभा होता, आणि भाता असतो तळाशी. नंतर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. मी उघडला तेव्हा सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदानं, जोडलेले सगळे सांधे सुटलेले. मला भरूनच आलं. मिरजेहून तंबोरे करणारे चाचा आले, फळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "सुटलंय ते बरं झालं. तुटलं असतं तर काय केलं असतंस?"

खरंच होतं ते. सरस ओलाव्यानं सुटतो, लाकूड शाबूत राहतं. पूर्वी कुणीतरी पांढऱ्या गोंदानं बसवलेला एकच कोपरा हट्टानं चिकटून होता, तो सोडवताना लाकडाचे पापुद्रे निघाले. तेवढा तुकडा चाचांनी नवा घातला, बाकी सगळं पुन्हा सरसानंच जोडलं. भात्याचं कापड बदललं. फळ्या मात्र आधी सावलीत दोन महिने वाळू दिल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर वाकल्या असत्या.

मग सुरांचे संच उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून पाय मारले आणि भाता किती वेळ ओढ धरतो ते मोजलं. पहिल्यांदा चार सेकंद. जिथून हवा शिरत होती ती फट शोधायची, बुजवायची, पुन्हा मोजायचं. आता तो पाऊण मिनिट धरतो.

दोन सूर अजून उशिरा बोलतात. त्यांना मी हात लावलेला नाही.