सांगणार नाही, असं वचन देता येत नाही

शुक्रवार, रात्री. पाऊस.

हा आठवडा गोपनीयतेत गेला. पुस्तकात हे प्रकरण अगदी आटोपशीर आहे, पण आमचा वर्ग त्यातच रुतून बसला. कारणही उघड आहे. शाळेत समुपदेशक व्हायला आलेल्या आम्हा मंडळींत बरेचजण चर्चशी बांधलेले. सिस्टर आहेत, सेमिनरीत फादर व्हायला शिकणारा एकजण आहे, रविवारी मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्माचे धडे, शिकवणाऱ्या माझ्यासारख्याही आहेत. गुपित म्हटलं की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कुमसाराची, म्हणजे फादरला आपली पापं सांगायची, जाळीच येते.

कुमसाराचा नियम लख्ख आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातलं ९८३ वं कलम: पापनिवेदनात ऐकलेलं फादरनं शब्दानं, खुणेनं, कोणत्याही कारणासाठी उघड करायचं नाही. पोलीस आले तरी नाही, कोर्टानं बोलावलं तरी नाही. लहानपणी वसईला मला याचं केवढं अप्रूप होतं. आपल्या गावात एक माणूस असा आहे की ज्याच्या तोंडून आपली गोष्ट बाहेर पडणारच नाही, म्हणजे नाही!

आणि इथे आम्हाला शिकवतात ते नेमकं उलटं. पहिल्याच भेटीत, मूल काही बोलायच्या आत, त्याला सांगून टाकायचं की गुपिताला सीमा आहे. तू स्वतःला इजा करून घेशील असं वाटलं, कुणी तुला इजा करत असेल, किंवा तुझ्याकडून दुसऱ्याला धोका असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. हा नुसता आमच्या पेशाचा शिष्टाचार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं असतं, आणि न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब कायद्याला चालत नाही, हे आमच्या बाईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढला होता.

एका सिस्टरना हे पटेना. पोर विश्वासानं आलं आणि आपण त्याला आधीच अटी वाचून दाखवायच्या? मग ते बोलेल कशाला? प्रश्न खोटा नाही. काही मुलं खरंच उठून जातात.

घरी येताना पणजीहून रायबंदरची बस भरलेली होती. उभ्यानंच विचार करत होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कुमसारात माणूस स्वतःचं पाप सांगतो. मूल मात्र माझ्यासमोर बसून बहुतेक वेळा दुसऱ्याचं पाप सांगत असतं, आणि तेही स्वतःचं समजून. मारणारा कुणी दुसराच, शरम याला. त्याच्या गुपितावर मी शिक्का मारला तर संरक्षण त्याला मिळत नाही, त्या दुसऱ्याला मिळतं. दोन्हीकडे खालच्या आवाजात बोलतात, दार लोटलेलं असतं, एवढंच काय ते सारखं.

सासूबाईंना समुपदेशक काय करतो ते मागे एकदा समजावलं होतं. तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, संपवून माळ गुंडाळता गुंडाळता त्या कोंकणीत म्हणाल्या, “मागीर फादर कित्याक?” मग फादर कशाला? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज विचारलं असतं तर सांगितलं असतं की फादर पापाची क्षमा देतात. माझ्याकडे येणाऱ्या पोराला क्षमेची गरजच नसते बहुधा.

सरावासाठी मला फोंड्याकडची एक शाळा दिली आहे. खोली म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खेळाच्या सामानाचं कपाट. मधल्या सुट्टीत कुणीतरी बॉल न्यायला येतंच. मुलांची नावं, इयत्ता इथे लिहीत नाही. रोजनिशी झाली तरी तो नियम तिलाही लागू.

तिथला एक मुलगा सारखा पोट दुखतं म्हणून घरी जायचा. प्राथमिक शाळा गावातली, सरकारी, मराठी माध्यमाची. पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. गोव्यात हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. त्यानं मला त्याचं सायन्सचं पुस्तक दाखवलं. प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, तीच ओळ देवनागरीत: ‘प्लांट्स मेक देअर ओन फूड’. उच्चार तेवढा लिहिलेला, अर्थ कुठेच नाही. टीचर वाचायला उभं करतील त्या आधी हे तयार, आणि वह्या-पुस्तकं तपासायच्या दिवशी सगळं खोडून साफ. कागद खोडून खोडून मऊ पडलेला. “आईला सांगू नका,” म्हणाला, “तिला वाटतं मला येतं.” आपण आईला फसवतो हे त्याचं पाप. पोटदुखीचं मूळ तिथे.

हे गुपित मी राखू शकते. धोका कुठलाच नाही. बाहेर व्हरांड्यात मुख्याध्यापिकांनी विचारलं, काय म्हणाला? त्याला विचारून जेवढं ठरवलं होतं तेवढंच सांगितलं: वाचायला उभं करण्याआधी त्याला धडा एक दिवस अगोदर कळावा, आणि अर्थ मराठीत विचारायची मुभा असावी. त्यांना आणखी हवं होतं. दिलं नाही.

तो मुलगा हिंदू आहे, मनगटाला लाल दोरा. शाळेत सकाळी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इंग्रजीतून होतं, तेही त्याला बिनचूक पाठ. त्याच्यासाठी प्रार्थना मी रात्री घरी करते. त्याच्यासमोर नाही. तो अडून बसेल म्हणून नव्हे, उलट तो हात जोडेल म्हणून. टीचरच्या प्रार्थनेला नको म्हणायची सोय अकरा वर्षांच्या पोराला नसते.

मग ख्रिस्ती म्हणून मी या खोलीत वेगळं काय करते? अभ्यासाला कार्ल रॉजर्स आहेत. गंमत म्हणजे तेही आधी न्यूयॉर्कच्या सेमिनरीत धर्मशिक्षणाला गेले होते, नंतर मानसशास्त्राकडे वळले. समानुभूती, विनाअट स्वीकार, सच्चेपणा हे त्यांचेच शब्द. पण मला स्वतःला एलिया संदेष्टा जास्त उपयोगी पडतो. बायबलातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो रानात झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येतो तो प्रवचन करत नाही. असं बोलणं पाप आहे असंही म्हणत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवू घालतो. देवाचा प्रश्न येतो तो पुढे, चाळीस दिवस चालून झाल्यावर. आमच्यात कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हटलं की चारचौघं आधी उपदेश करतात. जेवलास का, झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

तसं मुलानं म्हटलं तर थेट विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का, असंही आम्ही शिकतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मानसिक आरोग्याच्या मदतीचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे दोन्ही फोन नंबर टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत.

सोमवारी प्रत्येकानं पहिल्या भेटीत म्हणायची आपापली वाक्यं आणायची आहेत. पाचवीच्या पोराला कळेल अशी. माझा मसुदा असा: “तू सांगशील ते आपल्या दोघांत. पण कुणी तुला त्रास देत असेल, किंवा तू स्वतःला नाहीतर दुसऱ्या कुणाला काही करशील असं मला वाटलं, तर मी आणखी एका मोठ्या माणसाची मदत घेईन. आधी तुला सांगून.” बाईंनी आजच नजर टाकली आणि ‘आधी तुला सांगून’ खाली रेघ मारली. त्रास देणारा घरातच असेल तर तेवढा वेळ हातात असेलच असं नाही, पाळता येणार नाही ते बोलू नये, म्हणाल्या. खरं आहे. पण ते शब्द काढले की उरलेलं पोलिसी वाटतं. ‘जमलं तर तुला आधी सांगून’ लिहून पाहिलं. ‘जमलं तर’ म्हणजे नाहीच, हे मुलांना घरून चांगलं माहीत असतं. आता ‘आणि मी काय केलं ते तुला नक्की सांगीन’ असं केलं आहे. सोमवारी विचारून बघते.