आकडा चुकला तर कळणार कुणाला?

रेषेवरून पळणारी गाडी, टाळी वाजवली की लागणारा दिवा, पुठ्ठ्यावरचा ट्रॅफिक सिग्नल. विज्ञान प्रदर्शनात या तिघांपैकी एकही नाही अशी शाळा आमच्या भागात शोधून सापडायची नाही. माझ्या रविवारच्या वर्गातली मुलंही हे करतात, मी अडवत नाही. पण त्यातून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरून हवं ते काम करून घेता येणारी छोटी चिप, शिकून होतो हे मला पटत नाही. सिग्नलचा पिवळा दिवा तीन सेकंदांऐवजी चार सेकंद राहिला, तर ओरडणार कोण? परीक्षक दिवे लागलेले बघतात, मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. चूक पकडणारं कुणी समोर नसलं की आपला प्रोग्रॅम चुकलाय हे मुलांना कळायचं कसं?

म्हणून मी एक अट घालते. सुरुवातीचे काही रविवार झाले की प्रत्येकानं अशी एखादी गोष्ट मोजायची, जिचा खरा आकडा घरात कुणाला तरी आधीच माहीत आहे. कुणी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजतं, कुणी पिठाच्या गिरणीची मोटर दिवसात किती वेळ चालली ते. आणि गाव इचलकरंजी असल्यामुळे बऱ्याच जणांची गाडी शेवटी मागावरच्या पिकांवर येऊन थांबते.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आडवा धागा नेणारा धोटा एकदा या बाजूनं त्या बाजूला गेला की आडवा धागा एकदा पडतो, ते एक पिक. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, आणि आज मजुरीची बोलणी सुरू झाली की ‘५२ पिकाला किती पैसे’ इथूनच होतात. ५२ पिक म्हणजे एका इंचात ५२ आडवे धागे. मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे मीटरभर कापडात साधारण २,०४७ पिकं. साधा माग मिनिटाला १२० पिकं टाकतो असं धरलं, तर मीटरभर कापडाला सतरा मिनिटं लागतात. हा हिशेब माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वडलांना तोंडपाठ आहे. यापेक्षा चांगला परीक्षक मला कुठून मिळणार?

मी स्वतः दिवसा एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, पॅनेल, ड्राइव्ह, सेन्सर यांची देखभाल बघते. वर्ग तालमीच्या माडीवर भरतो. खाली जोर-बैठका, वर सोल्डरिंगचा धूर. सातवीपासून आयटीआयपर्यंतची मुलं असतात, आणि एक जॉबरमामाही येतात, ज्यांची अर्धी हयात माग दुरुस्त करण्यात गेली आहे.

पहिल्या रविवारी लॅपटॉप उघडतच नाही. मल्टिमीटर हातात देते. बॅटरीचा व्होल्टेज बघा, वायर तुटलीय का ते बीपवर ऐका, ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीची, कोणती पाच भोकं एकमेकांना जोडलेली आहेत ते स्वतः शोधून वहीत काढा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी काही वेळा मधेच तुटलेली असते, तेही त्यांना तिथंच सापडतं. हे केलं नाही तर पुढं दिवा लागला नाही की प्रत्येक मूल प्रोग्रॅम खोडून पुन्हा लिहायला लागतं, आणि दोष असतो वायरमध्ये. किंवा यूएसबीच्या केबलमध्ये. नुसती चार्जिंगची केबल ओळखायला शिकवणं हा आमच्या अभ्यासक्रमाचा अधिकृत भाग आहे.

दिवा लावण्यात मी फार वेळ घालवत नाही. लाल एलईडी दोन व्होल्ट खातो, बोर्डाकडून येणाऱ्या पाचातले तीन उरतात, २२० ओहमचा रेझिस्टर लावला की साडेतेरा मिलिअँपिअर, झालं. रेझिस्टरवर लाल, लाल, तपकिरी पट्टे बघायचे. बोर्ड म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेला अर्डुइनो उनो, तोही बहुतेकांकडे स्वस्तातली नक्कलच. मी डिप्लोमाला असताना आम्ही ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या ट्रेनर किटवर एकेक हेक्स आकडा बटणानं भरायचो. ७४ दाबलं की ‘पुढची किंमत ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे चिपच्या हिशेबाच्या कप्प्यात, घे’. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. अर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्हरेया गावात तयार झाला, तो मुळात डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. इंजिनिअरांसाठी केला असता तर इतका सोपा झाला असता का, याची मला शंका आहे. काही जुने मास्तर म्हणतात की त्यामुळे मुलांना आतलं काही कळत नाही. मला हे पटत नाही. आतलं कळायची वेळ येते, फक्त ती गरज पडेल तेव्हा यायला हवी.

आठवीतल्या एका मुलीनं आणि तिच्या मैत्रिणीनं पिक काउंटर करायला घेतला, त्यात ही वेळ जवळजवळ दर रविवारी आली.

चालू मागाजवळ जायचं नाही, हा नियम पहिला. पट्टा, गिअर सोडाच, धोटा उडून लागला तर काय होतं हे जॉबरमामांनी एकदा सगळ्यांना नीट सांगितलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं नाही. म्हणून सुरुवात सायकलवर. सायकल उलटी उभी केली, चाकाच्या आरीला लोहचुंबक बांधला, फोर्कवर रीड स्विच लावला. चुंबक जवळ आला की स्विच लागतो, आकडा एकानं वाढतो. दोघींनी प्रोग्रॅम लिहिला, चाक फिरवलं, आणि चाक थांबताना चुंबक नेमका स्विचसमोर येऊन उभा राहिला. पडद्यावर आकडे धबधब्यासारखे पळायला लागले. चाक जागेवर, मोजणी चालू. त्यांनी प्रोग्रॅमला विचारलं होतं, ‘चुंबक समोर आहे का?’ विचारायला हवं होतं, ‘मघाशी नव्हता आणि आता आला का?’ हा फरक मी फळ्यावर कितीही वेळा समजावला असता तरी त्या पळणाऱ्या आकड्यांइतका पोचला नसता.

मग स्विचची उडी. आतल्या पत्र्या एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद थरथरतात, एका फेरीला दोन-तीन मोजणी होतात. उपाय सगळ्या पुस्तकांत आहे, एकदा मोजलं की थोडा वेळ कानाडोळा करायचा. पण थोडा म्हणजे किती? पुस्तकात ५० मिलिसेकंद असतं. मुलीनं घरी, माग चालवणाऱ्या वडलांना विचारलं, ‘आपला माग जास्तीत जास्त किती पळतो?’ वडील म्हणाले, ‘दीडशेच्या वर काय जात न्हाई.’ म्हणजे दोन पिकांमध्ये किमान ४०० मिलिसेकंद. तिनं २०० ठेवले, आणि का ठेवले ते वहीत लिहिलं. त्या वहीचं पान मी फोटो काढून ठेवलंय.

मागावर न्यायच्या वेळी रीड स्विच काढला, कारण काचेची नळी त्या हादऱ्यांत टिकणारी नाही. इन्फ्रारेड सेन्सर एका मुलानं सुचवला होता, पण कापसाची धूळ दिवसभरात त्याचे डोळे बंद करते. म्हणून ए ३१४४ हा चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. मालकाची परवानगी घेऊन, मोटरचा स्विच बंद करून, वडलांनी स्वतः चुंबक खालच्या शाफ्टला चिकटवला. तिथं हात सहज पोचतो, एवढंच कारण. बोर्डाला वीज मोबाइलच्या चार्जरची. २३० व्होल्टला आमच्या मुलांचा हात लागत नाही.

संध्याकाळी आकडा कापडाशी ताडून पाहिला तर बरोबर निम्मा. मुली पुन्हा प्रोग्रॅम उपसायला बसणार, तेवढ्यात वडील हसले. ‘अगं, खालचा शाफ्ट निम्माच फिरतोय. त्याच्या एका फेऱ्याला दोन पिकं पडत्यात.’ वरचा क्रँक शाफ्ट पिकाला एक फेरा घेतो, खालचा दोन पिकांना एक. माग चालवणाऱ्याला यात सांगण्यासारखंसुद्धा काही नाही, आणि माझ्या डिप्लोमात हे कुठेच नव्हतं.

दोनानं गुणा, मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी शाफ्टच्या समोरासमोर दोन चुंबक लावायचं ठरवलं. लावले. आकडा पुन्हा निम्माच! आता मात्र वडीलही गप्प. शेवटी मल्टिमीटर लावून शाफ्ट हातानं सावकाश फिरवला, तेव्हा दिसलं की सेन्सर एकाच चुंबकाला दाद देतोय. ए ३१४४ ला दक्षिण ध्रुवच लागतो आणि दुसरा चुंबक उलटा चिकटवला होता. पहिल्या रविवारी मल्टिमीटरवरून कुरकुर केलेल्या दोघींनी हे माझ्याआधी शोधलं.

त्यानंतरचा दोष माझा सगळ्यात लाडका. काउंटर एक दिवस मागावर चालू ठेवला. सकाळी आठला शून्यापासून सुरू. दुपारी जेवणानंतर वडलांनी पाहिलं तर पडद्यावर उणे बत्तीस हजार काहीतरी. त्यांनी मुलीला फोनवर विचारलं, ‘चार तास मी उभा राहून कापड काढलं, आणि मीच मालकाचं देणं लागतोय व्हय?’

उनोमध्ये ‘इंट’ प्रकारच्या डब्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. त्याच्यात एक मिळवला की उणे ३२,७६८. मिनिटाला १२० च्या वेगानं हे घडायला साधारण साडेचार तास लागतात. तालमीच्या माडीवर सायकलचं चाक फिरवून हा दोष कधीही सापडला नसता, आणि प्रदर्शनाच्या टेबलावर तर नाहीच नाही. उणे आकडे न घेणारा ‘अनसाइन्ड इंट’ केला तर ६५,५३५, तोही पुरत नाही, कारण बारा तासांच्या पाळीत न थांबता ८६,४०० पिकं पडू शकतात. म्हणून बत्तीस बिटांचा, त्याहून मोठा डबा ‘अनसाइन्ड लाँग’. सोळा बिट आणि बत्तीस बिट हा धडा मी त्या दिवशी घेतला, त्याआधी घ्यायचा प्रयत्नही केला नव्हता. आतलं कळायची वेळ म्हणते ती हीच.

वीज गेली की आकडा पुसला जायचा. एका मुलानं सुचवलं, ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, प्रत्येक पिकाला लिहून ठेवू. कल्पना छान, पण चिपच्या माहितीपत्रकात एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. मी फक्त भागाकार करायला सांगितला. एक लाख भागिले १२०, म्हणजे ८३३ मिनिटं. चौदा तासही नाहीत! बोर्ड दुसऱ्याच पाळीत हमीच्या बाहेर. मग ठरलं की २०० पिकांनी एकदा लिहायचं. वीज गेली तर फार तर १९९ पिकं जातील, म्हणजे दहाएक सेंटिमीटर कापड. वडलांना विचारलं, चालेल का? ‘एवढं तर कात्रीत जातं,’ म्हणाले. आणि एकाच जागी न लिहिता जागा बदलत लिहायचं, हेही मुलांना आपणहून सुचलं.

ब्रेडबोर्डच्या वायरी हादऱ्यानं पहिल्याच तासात निघाल्या होत्या, त्यामुळे सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डावर, सोल्डर झालं. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. बोटं भाजली, मलम लावलं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून गावातल्या मुलांना खरी कामं करत शिकवण्याचा मार्ग धरला. गावाला उपयोगी पडेल असं काम करायचं आणि त्यातूनच विज्ञान शिकायचं. मी तिथं शिकलेली नाही, पण ज्यांना असा वर्ग सुरू करायचाय त्यांनी महागडी किट मागवण्याआधी पाबळची पद्धत जरूर समजून घ्यावी. किटमध्ये सगळे सेन्सर असतात. नसतो तो ‘तुझा आकडा चुकलाय’ म्हणणारा माणूस. गूळ बनवणाऱ्या गावात काहिलीचं तापमान मोजा, द्राक्षाच्या भागात पानांवर ओल किती तास राहिली ते मोजा. जिथं जो आकडा चुकला की पैशाचं नुकसान होतं, तोच घ्या. फक्त मुलांच्या हातून झालेल्या यंत्रावर लगेच कुणाची मजुरी ठरवायची नाही, हे मी मालकाला आणि वडलांना दोघांनाही बजावलं आहे. ते महिनोन्‌महिने कापडाशी ताडून बघू दे, मग बघू.

सध्या काउंटर जवळपास बरोबर येतो, पण दिवसाखेरीला थोडा जास्तच दाखवतो. रोज वेगळा जास्त. मुलींनी प्रोग्रॅम तपासला, मी तपासला, चुंबक तपासले. गेल्या रविवारी जॉबरमामांनी कोपऱ्यातून विचारलं, ‘धागा तुटला की माग हातानं उलटा फिरवून पिक जुळवतो आपण. तवा ह्यो काय करतोय?’

तेव्हाही तो वाढतच राहतो, अर्थातच. एका सेन्सरला सुलटं-उलटं कळत नाही. थोड्या अंतरावर दुसरा सेन्सर बसवला, तर आधी कोणता लागला यावरून दिशा ओळखता येईल, आणि उलट्या फेरीला आकडा एकानं कमी करता येईल. दोघींनी कागदावर चार अवस्थांचा तक्ता मांडलाय, त्यातली एक ओळ चुकली आहे. मी सांगितलेली नाही. या रविवारी वडील वर्गाला यायचे आहेत.