तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या घरात नेटसाठी किती पैसे धरायचे?

ओळखीत कुणी घर बांधायला काढलं की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. ‘इंटरनेट आणि त्याच्या वायरिंगसाठी किती धरू?’ विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. मी उलट विचारते, ‘गिलावा झाला का?’ झाला नसेल तर काम स्वस्तात होईल, झाला असेल तर महागात. खोल्या किती, हे त्यानंतर.

हे मला माझ्याच घराने शिकवलं. वायरिंग चालू असताना मी दोन ठिकाणी हात आखडता घेतला. अभ्यासाच्या खोलीला एकच केबल टाकली, आणि तिला पाइप दिला नाही. झिरीत तशीच दाबून वरून लिंपून टाकली. दीड वर्ष काही झालं नाही. मग एके दिवशी लक्षात आलं, की कॉम्प्युटर केबलीचा वेग १००० मेगाबिटऐवजी १०० दाखवतोय. मी राउटर बदलला. नेट देणाऱ्यांना फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी केबल तपासायचा टेस्टर लावला तेव्हा कळलं, की केबलीतल्या आठपैकी एक तार तुटली आहे. या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांपैकी एक गेली की बहुतेक उपकरणं निमूटपणे १०० वर उतरतात, कुरकुर न करता. तार तोडली होती फोटोफ्रेमसाठी मीच ठोकलेल्या खिळ्याने. पाइप असता तर केबल सहसा खिळ्यापासून बाजूला सरकते, आणि तुटली तरी तिच्याच शेपटीला नवी बांधून ओढून घेता येते. माझ्याकडे रंगवलेली भिंत फोडणं, नाहीतर केबल भिंतीवरून फिरवणं, एवढेच मार्ग होते.

तेव्हापासून बजेटमधल्या प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारते: ही नंतर बदलायची झाली तर किती तोडफोड? पाइप बदलायचा म्हणजे भिंत फोडायची. पाइपात असलेली केबल बदलायला एखादा दिवस. स्विच (दिव्याचा नव्हे, घरातल्या सगळ्या केबली एकमेकींना जोडणारा डबा) किंवा राउटर दहा मिनिटांत. आणि नेटचा प्लॅन एका फोनवर. लोक खर्च मात्र नेमका उलट्या क्रमाने करतात. प्लॅन सगळ्यात वरचा, राउटर सहा अँटेनांचा, आणि भिंतीत काय जातंय ते वायरमनच्या मर्जीवर.

आता मोजणी. नकाशावर पॉइंट मांडा. टीव्हीच्या मागे, कामाच्या टेबलापाशी, छतावर वायफायसाठी, कॅमेरा बसवणार असाल तिथे. प्रत्येक जागी दोन केबली, कारण मजुरी ओढण्याची असते आणि एका ओढीत दोन जातात. समजा आठ पॉइंट आहेत आणि एका केबलीची सरासरी लांबी १५ मीटर. म्हणजे ८ गुणिले २ गुणिले १५, झाले २४० मीटर. वळणं, टोकाची मोकळी लांबी, वाया जाणारे तुकडे यांसाठी १५ ते २० टक्के वर धरले की २८० च्या आसपास. केबलीची पेटी ३०५ मीटरची येते, म्हणजे हे घर एका पेटीत बसलं. एवढा हिशेब हातात असला की ‘दोन पेट्या लागतील’ म्हणणाऱ्याला निदान का ते विचारता येतं.

केबल कोणती? कॅट ६ (‘कॅट’पुढचा आकडा म्हणजे केबलीची श्रेणी). बहुतेक घरांसाठी मी इथेच थांबते. कॅट ५ ई सुद्धा गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते, त्यामुळे जुन्या घरात ती असेल तर उखडू नका. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, आणि घरातली कुठली ओढ एवढी लांब असते? पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ ए, पण ती जाड आणि ताठ असते, वळणावर वायरमनला शिव्या घालायला लावते. त्या फरकाचे पैसे मी पाइपावर घालीन. २५ मिलिमीटरचा पाइप घेतला तर दोन केबली ऐसपैस बसतात आणि निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहते. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड वापरा. विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल कधीच घालू देऊ नका. आणि निदान दोन पाइप रिकामे ठेवून त्यांत नायलॉनची दोरी सोडून द्या. उद्या काय लागेल ते आज कुणालाच ठाऊक नाही; दोरी तिथे असली म्हणजे झालं.

एका ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पेटीवर ‘सीसीए’ लिहिलं असेल, किंवा पेटी उचलताना संशय येण्याइतकी हलकी लागली, तर परत करा. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. चाकूने खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो. ती लवकर तुटते, तिचा रोध जास्त असतो, आणि केबलीतूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा वायफायचे डबे लावले की गरम होते. सगळ्या बजेटमध्ये फसवणूक व्हायची शक्यता सर्वांत जास्त इथेच. टोकं भिंतीतल्या सॉकेटमध्ये पक्की बसवून घ्या, आणि प्रत्येक केबल टेस्टरवर तुमच्यासमोर तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

‘पण आता सगळं वायफायवरच चालतं की, केबल कशाला?’ हेही विचारतात. वायफायसाठीच. वायफायचा वेगवान, ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल सळईच्या काँक्रीटमधून जाताना पार थकतो. मग लोक सिग्नल पुढे ढकलणारे डबे विकत घेतात. असा साधा डबा एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्याच डब्याला मागून केबल दिली की ही भानगडच मिटते. तेव्हा पैसे कमी पडत असतील तर बाकीचे पॉइंट कापा, पण प्रत्येक मजल्याच्या मध्यावर छतात एक पॉइंट राहू द्या.

आणखी एक जागा लोक विसरतात: बाहेरची फायबर, म्हणजे नेट आणणारी काचेची तार, घरात शिरते कुठून? जोडणीला आलेला माणूस दाराजवळच्या कोपऱ्यात भोक पाडून मोकळा होतो, कारण ते त्याच्या सोयीचं असतं. तिथून तुमच्या केबली जिथे एकत्र येतात त्या जागेपर्यंत एक पाइप आधीच टाकून ठेवा. त्या जागेला विजेचे तीन-चार सॉकेट, खेळती हवा आणि छोट्या बॅटरी बॅकअपपुरती फळी. फायबरच्या डब्याला वीज लागते; वीज गेली की नेटही जातं, हे पहिल्या अंधारात कळण्यापेक्षा बजेटमध्ये कळलेलं बरं.

प्लॅनचं थोडक्यात. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण एका बाइटात आठ बिट. ४के चित्रपटाला २५ मेगाबिट पुरतात. घरात एका वेळी कितीजण काय करतात ते मोजा, अपलोडचा वेग वेगळा विचारा, आणि सवलतीचे महिने संपल्यावरचा दर विचारा. मग दोन प्लॅनमधल्या मासिक फरकाला ६० ने गुणा. पाच वर्षांचा तो आकडा पाहून, वायरिंगमध्ये आपण काय वाचवत होतो याची गंमत वाटते. मी खालच्या प्लॅनपासून सुरुवात करायला सांगते. वर चढायला कुणी अडवत नाही.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते नंतर दिसेल. याला काहीच खर्च नाही. माझ्याकडे त्या एका भिंतीचा फोटो नव्हता. अभ्यासाच्या खोलीत आता केबल भिंतीवर बसवलेल्या पोकळ पट्टीतून, जमिनीच्या कडेने, दारावरून वळसा घालून जाते. फ्रेम अजून त्याच खिळ्यावर आहे. खिळा काढून आता काय उपयोग?