पिल्लं गेली, आई राहिली

मागच्या वर्षी मे महिन्यात डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये, जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळीमागे मांजरीची चार पिल्लं सापडली, डोळेपण उघडले नव्हते, आणि ती बघितल्यावर मी जे जे केलं ते जवळपास सगळं चुकलं. ते आज लिहितेय कारण तेव्हापासून कोणी ना कोणी मला फोन करून विचारतं, पिल्लं सापडलीत, काय करू, आणि बऱ्याचदा तोपर्यंत उशीर झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे मी त्यांना उचलून वर घरी आणलं. आई दिसेना म्हणून वाटलं टाकून गेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आजीकडून शंभरदा ऐकलंय, पण तेव्हा आठवलंच नाही. भाटी खायला शोधायला गेली असणार, किंवा नवीन जागा बघायला, अशा वेळी लांब थांबून काही तास नुसतं लक्ष ठेवायचं असतं. दुसरी चूक याहून मोठी. भुकेली असतील म्हणून गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजलं. ते त्यांना पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवात पाणी असतं तरी किती. चारातलं सगळ्यात लहान, पांढऱ्या पायांचं, दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या हातात गेलं.

मग मैत्रिणीने एका रेस्क्यू ग्रुपचा नंबर दिला. फोन उचलला तो एका मुलीने, दिवसा ऑफिस करते आणि उरलेल्या वेळात हे काम. मी रडत रडत दुधाचं सांगायला लागले तर तिने मधेच थांबवलं, "ताई, आधी सांगा, पिल्लं गरम आहेत का?" मला कळेचना. ती म्हणाली पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला काही पाजायचंच नाही, पचन बंद पडलेलं असतं, आधी ऊब. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवा आणि ते खोकं उचललं तिथेच नेऊन ठेवा. मी म्हटलं माझा हात लागलाय, आता आई घेणार नाही. तर म्हणाली, असं काही नसतं ताई, ती येईल, तुम्ही फक्त लांब थांबा.

रात्री अकराच्या सुमारास ती आली. राखाडी पट्ट्यांची, हाडं वर आलेली, खोक्यात शिरून तिन्ही पिल्लांना चाटायला लागली आणि मी जिन्यात बसून ते बघत होते. चौथ्याला ती नंतर दोन रात्री शोधत होती.

माझी समजूत अशी की आता संस्थेची गाडी येईल आणि सगळ्यांना घेऊन जाईल. तसं नसतं हो. ती मुलगी स्पष्ट बोलली की शेल्टरमध्ये जागा नाहीये, आणि असती तरी एवढी लहान पिल्लं आम्ही तिथे ठेवली नसती. कारण पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा साथीचा आजार. त्याचा व्हायरस महिनोन् महिने जागेवर टिकून राहतो, पहिली लस मिळते सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, आणि त्याआधी शेल्टरमध्ये शिरला तर बिनलसीची पिल्लं पटापट जातात. म्हणून मांजरांचं बरंचसं काम शेल्टरमध्ये चालतच नाही, लोकांच्या घरी चालतं, कोणाच्या बाथरूममध्ये, कोणाच्या बंद बाल्कनीत. त्याला फॉस्टर म्हणतात. आपण पैसे देतो, पोस्ट शेअर करतो, ते हवंच, पण दोन महिन्यांसाठी एक कोपरा देणारा माणूस मिळत नाही आणि सगळं तिथे अडतं. मग मी आमची बाल्कनी दिली. सुक्या बोंबलाचा वास दाखवत दाखवत आईला आत आणायला तीन दिवस लागले.

माझे बाबा परळचे, त्यामुळे बैलघोडा हॉस्पिटल हे नाव लहानपणापासून कानावर. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, पण मुंबईचं ओझं तेव्हा बैल आणि घोडेच ओढायचे म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव तेच टिकलं. ते चालवणारी संस्था १८७४ ची. म्हणजे दीडशे वर्षं झाली की मुक्या जनावराला दवाखाना हवा हे या शहराला कळून. आणि कायदा बघा. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा, ज्याच्यासाठी भरतनाट्यमच्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झगडल्या, त्यात प्राणी विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. अजूनही तोच! शिफ्टिंग करताना मांजर जिन्यात सोडून जाणाऱ्याला वडापावच्या किमतीचं भय काय असणार, मला याचा खरंच राग येतो.

पिल्लं दोन महिन्यांची झाली, लस झाली, कोणीतरी दत्तक घ्यावं म्हणून फोटो टाकले. ग्रुपचा फॉर्म मोठा होता, आधार कार्ड, घरातल्या सगळ्यांची संमती, व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, आणि खिडक्यांना जाळी आहे का. बरेच जण जाळीवरून चिडायचे, मांजर कधी पडते का म्हणायचे. पडते. कबुतरामागे झेप घेते आणि पाचव्या मजल्यावरून खाली जाते, ग्रिलच्या फटीतून तर सहज निघते, आणि पातळ नायलॉनची जाळी काही दिवसांत कुरतडते. दुसरी अट, जमलं नाही तर परस्पर कोणाला द्यायचं नाही, आम्हालाच परत करायचं. मला या दोन्ही अटी शंभर टक्के पटतात. पंधरा दिवसांत तिन्ही पिल्लं गेली, दोन ठाण्याला एकत्र, एक कल्याणला.

आईसाठी एकही फोन आला नाही. एकाने विचारलं पर्शियन आहे का, एकीने विचारलं, "साधीच आहे ना, आणि मोठी झालीये." डॉक्टरांनी दात बघून दोन-तीन वर्षांची सांगितली. म्हणजे पुढे दहा-बारा वर्षं तरी सहज. पिल्लं दूध पीत असतानासुद्धा भाटी परत गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुढचं वेत, ही बाई किती वेळा व्यायली असेल कोण जाणे. तिचं ऑपरेशन करून घेतलं, डाव्या कानाचं टोक कापलं, म्हणजे हिचं झालंय, हिला परत पकडू नका, ही खूण. आता नियमाप्रमाणे तिला मीटर रूमपाशी सोडायचं होतं. मी पिंजरा घेऊन खाली गेले, दार उघडलं, आणि ती बाहेर आलीच नाही. वर नेलं.

ठमी नाव ठेवलं. पहिले अकरा दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे होती, फक्त रात्री वाटी रिकामी व्हायची. बाराव्या दिवशी मी भाजी निवडत बसलेले तेव्हा येऊन पाठीला पाठ लावून बसली. मोठं मांजर घेताना लोक घाबरतात की त्याला आपला लळा लागणार नाही, पण पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल सांगता येत नाही, हिचा मला आधीच माहीत होता. दोन रात्री चौथ्या पिल्लाला शोधत फिरलेली ती मी बघितली होती.

परवा रात्री डोंबिवलीच्याच एका काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप आला, गॅरेजमध्ये पिल्लं सापडली म्हणून, सोबत व्हिडिओ. तो लावला तसं पलंगाखालून ठमी बाहेर आली, मोबाईलच्या मागे जाऊन बघितलं, मग दारापाशी जाऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली. तिला उचलून घेतलं आणि काकूंना फोन लावला. त्या दुधाचं विचारत होत्या.

"काकू, दूध नको, आधी सांगा, पिल्लं गरम आहेत का?"