झडीच्या दिवसातला वस्तरा

परवा सकाळी वस्तरा उघडला आणि टोकाजवळ मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग दिसला. पोटात एकदम धस्स झालं. बाहेर तीन दिवसांपासून झड लागून होती, बाथरूमच्या भिंतीला घाम सुटलेला, दोरीवरचे कपडे वाळायचं नावच घेत नव्हते, आणि आदल्या दिवशी ऑफिसची घाई म्हणून मी वस्तरा नुसता टॉवेलला पुसला, चामड्याच्या कव्हरात टाकला आणि तिथंच आरशाखालच्या कप्प्यात ठेवून दिला. एवढंच. एका रात्रीत गंज.

चार वर्षं झाली आता, मी उघड्या वस्तऱ्यानंच दाढी करून राहिलो. अर्ध्या ब्लेडवाला नाही, तो सलूनमध्ये असते तो वेगळा, त्यात ब्लेड मोडून अर्धं बसवतात आणि मग फेकून देतात. माझा जुन्या पद्धतीचा, अख्ख्या पोलादी पात्याचा, ५/८ रुंदीचा, सोलिंगनचा. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात म्हणून ५/८. सोलिंगन हे जर्मनीतलं चाकू-कात्र्यांचं गाव, तिथं १९३८ पासून कायदाच आहे की तिथं बनलेल्या पात्यालाच ते नाव लावता येते. लोकांना कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, कापत नाही का रे? धार कशी राखतो हे आजपर्यंत एकानंही विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथंच आहे. हाताची सफाई महिन्या-दोन महिन्यांत येते. धार राखणं शिकायला मला वर्ष लागलं, तेही नागपूरच्या महाल भागातले न्हावी काकाजी भेटले म्हणून.

काकाजींचं दुकान माझ्या बाबांच्याही आधीपासून आहे. आता तेही गिऱ्हाइकाला अर्धं ब्लेडच लावतात, आणि बरोबरच करतात, एकाच वस्तऱ्यानं दहा जणांची दाढी म्हणजे रक्तातून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही असं काहीही इकडून तिकडे जाऊ शकते. (त्यामुळेच माझा वस्तरा मी कोणालाच देत नाही, भावालाही नाही.) पण त्यांचा जुना चमोटा, म्हणजे वस्तरा फिरवून धार ठीक करायचा चामड्याचा पट्टा, अजून खुर्चीशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे, चामडं काळं पडून आरशासारखं झालं आहे. मी माझा वस्तरा घेऊन गेलो तेव्हा माझी हालत अशी होती की दाढीनंतर मान दिवसभर भाजल्यासारखी जळायची, साबण बदलला, ब्रश बदलला, दगडावर तर दर आठवड्याला घासून राहिलो होतो. वाटलं होतं काकाजी दगडाचं काही सांगतील. ते म्हणाले, "दगड राहू द्या भाऊ. चमोट्यावर कसा फिरवता तेवढं दाखवा."

मी दाखवलं. दोनदा गेला असेल वस्तरा, तिसऱ्यांदा त्यांनी मनगटच धरलं माझं.

"पाठ उचलून राहिले ना तुम्ही. वळवताना पाठ उचलली का धार मरते. पाठ चामड्याला चिकटूनच पाहिजे, जाताना पाठ पुढं आणि धार मागं, आन पलटवताना पाठीवरूनच पलटवा."

एवढंच होतं ते. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती उगीच नाही. पाठ आणि धार दोन्ही सपाट टेकवले की कोन आपोआप बरोबर बसतो, सुरीसारखा तो हातानं अंदाजे धरावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यावरून बनवणाऱ्यानंच तो ठरवून दिलेला असतो, साधारण १६-१७ अंशांचा. आपण फक्त पाठ टेकलेली ठेवायची, दगडावरही आणि चमोट्यावरही. मी मात्र शेवटाला वळवताना घाईनं उचलायचो, म्हणजे प्रत्येक फेरीत अर्धा सेकंद धार उभी होऊन चामड्यात घुसायची आणि दुमडायची. रोज पन्नास वेळा. मग रविवारी दगडावर घासून ती परत आणायची आणि सोमवारी पुन्हा मारायची. वर्षभर हेच चाललं होतं.

मग काकाजींनी त्या दिवशी अर्धा तास बसवलं मला, गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की परत बसायचं. दाबायचं नाही, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावर जाऊ द्यायचा. चामडं ताणून धरायचं पण, ढिल्या चमोट्यावर धार गोल होते. आवाज ऐकायचा. बरोबर जात असला की चामड्यावरून एक सारखा सुस्स असा आवाज येतो, तिरपा झाला की तो आवाज तुटतो. मी आता रोज दाढीच्या आधी चमोट्याच्या मागच्या कॅनव्हासच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या मारतो, चार मिनिटं लागत असतील. तेव्हापासून मान जळली नाही. साबण तोच, ब्रश तोच.

धार नेमकी का जाते हे मला नंतर वाचून कळलं. चांगल्या वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते, आणि दाढीचा केस त्याच्या कितीतरी पट जाड, ५० ते १०० मायक्रॉन वगैरे. एमआयटीच्या लोकांनी २०२० मध्ये एक संशोधन छापलं होतं, साधं दाढीचं रेझर घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की केस पोलादापेक्षा ५० पट मऊ असूनही धार खराब कशी काय करतो. त्यांना दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात, आणि तेही केस वाकून तिरपा लागला आणि त्या जागी पोलाद आतून सारखं नसलं तर. हे वाचल्यावर मी दाढी भिजवण्याकडे जास्त लक्ष द्यायला लागलो. कोरडा केस कडक असतो, दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल ठेवला की तो पाणी पिऊन मऊ होतो, वस्तऱ्याला काम कमी पडते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड आहे एकदम, त्यात साबणाला फेसच धरत नाही, चुना आणि साबण मिळून नुसता राप बसतो, म्हणून दाढीपुरतं नळाचं पाणी बाजूला तांब्यात भरून ठेवतो. आई म्हणते पूजेचं पाणी आहे का ते.

आता दगड. दगड वर्षातून दोन-तीनदाच लागतो, जर चमोटा नीट चालवला तर. काकाजी त्याला सिल्ली म्हणतात आणि त्यांच्याकडची इतकी जुनी आहे की मधून खोल गेली आहे. तशी खोलगट झाली की वस्तरा सपाट टेकतच नाही, म्हणून मी माझे दगड आधी सपाट करून घेतो. त्यासाठी महागडं काही लागत नाही, किचनच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडून ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा फुकट आणला, त्याच्यावर पॉलिश पेपर ठेवून पाण्यात घासायचं, दगडावर आधी पेन्सिलीनं चौकडी मारून ठेवायची, सगळ्या रेघा गेल्या म्हणजे सपाट झाला. माझ्याकडे १०००, ४०००/८००० आणि १२००० असे दगड आहेत, आकडा मोठा तेवढा दगड बारीक. १००० फक्त तेव्हाच जेव्हा धार मुळातून बसवायची असेल, टवका पडला असेल किंवा जुना वस्तरा विकत घेतला असेल. नाहीतर नेहमीच्या वापराला १२००० वर दहा-पंधरा फेऱ्या पुष्कळ. इथं दिशा चमोट्याच्या उलटी, धार पुढं. तेल नाही, फक्त पाणी. पाठीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावली तर पाठ झिजत नाही, पण लावली तर दर वेळी लावायची, कारण टेपनं कोन जरासा बदलतो.

एक चूक सांगतो, कोणी करू नये म्हणून. सोलिंगनच्या आधी माझ्याकडे एक जुना, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा वस्तरा होता, इतवारीत भंगाराच्या ढिगातून दोनशेत मिळालेला, जाड पात्याचा, काय सुंदर होता. गल्लीत सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आला आणि मी तो त्याला देऊन टाकला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं, हातात आला तेव्हा धारेवर निळी झाक होती. तेव्हा मला ती छान वाटली होती. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं, आणि वस्तऱ्याचं पोलाद पाणी पाजल्यावर (लाल तापवून एकदम थंड करतात ते) त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला परत तापवलेलं असते, म्हणजे त्या दोन मिनिटांत धारेचं पाणीच उतरलं, ती मऊ पडली. नंतर कितीही पाजवा, दोन गालांत धार निघून जायची. त्या माणसाचा दोष नाही, तो सुऱ्यांचं काम करतो आणि चांगलं करतो. वस्तरा चाकावर द्यायचाच नसतो हे मला माहीत पाहिजे होतं.

प्रत्यक्ष दाढीचं फार सांगत नाही. पहिले पंधरा दिवस फक्त गाल करा, बाकीची रेझरनं. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. पात्याची पाठ गालापासून अंदाजे ३० अंश वर. वस्तरा कधीही धारेच्या लांबीच्या दिशेनं आडवा सरकू देऊ नका, कापते ते तिथंच कापते. हनुवटीला घाई नको. मानेवर केस कोणत्या दिशेनं उगवतात ते आधी बोटानं चाचपून बघा, माझे डावीकडे चक्क आडवे आहेत. शेवटी तुरटी, ओल्या चेहऱ्यावर, आणि कुठं झोंबते ते लक्षात ठेवा, तिथं हात जड पडला होता.

आणि नागपूरचं हवामान. याच्यावर मला कुठं काही लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हे लिहून राहिलो. मे महिन्यात ४५-४६ वर पारा गेला आणि कूलर बंद असला की चमोट्याचं चामडं कोरडं पडून कडेनं वाकायला लागते, त्या दिवसांत मी तळहात घासतो त्याच्यावर रोज, हाताचं जेवढं तेल लागेल तेवढंच, वरून तेल ओतलं की चामडं ढब्ब होते आणि ओढच राहत नाही. थंडीत वेगळाच प्रकार. पात्याला मी पहिल्या वर्षी खोबरेल तेल लावायचो, घरात तेच होतं, आणि डिसेंबरमध्ये ते थिजून पात्यावर पांढरा थर बसायचा, खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागते आणि आमच्याकडे रात्री त्याच्या कितीतरी खाली जाते. तो थर तसाच चमोट्यावर गेला की चामड्याला चिकटतो. तेव्हापासून शिवणयंत्राचं तेल वापरतो, पातळ असते, थिजत नाही, एक थेंब बोटावर घेऊन पाठीकडून धारेकडे पुसायचं.

पण खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. उन्हाळ्यात ओला ठेवला तरी अर्ध्या तासात वाळतो म्हणून आपल्याला सवय लागून जाते. कार्बन स्टीलमध्ये स्टेनलेससारखं क्रोमियम नसते, स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के असते तेच गंजू देत नाही. कार्बनवाला पाजवायला सोपा, धार गोड, पण पाण्याला घाबरतो. आणि चामड्याचं कव्हर पावसाळ्यात सगळ्यात वाईट, ते हवेतली ओल पिऊन पात्याला लावून ठेवते. मुठीच्या दोन फळ्यांच्या मधात, रिव्हेटपाशी, तिथं पाणी अडकते ते वेगळंच, तिथं मी कागदी नॅपकिनची घडी सरकवतो.

तर तो डाग. आधी भिंगातून पाहिलं, धारेपासून दीड मिलिमीटर वर होता, जीवात जीव आला. धारेवरच असता तर तेवढं पोलाद घासून काढावं लागलं असतं. पातं पुठ्ठ्यावर सपाट ठेवून २००० चा पॉलिश पेपर तेलात बुडवून पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर, हळू हळू घासत गेलो, उलट कधीच नाही. वीस मिनिटांनी तपकिरी गेलं, खाली टाचणीच्या टोकाएवढा काळा खड्डा उरला. तो आता जाणार नाही. मग १२००० वर दहा फेऱ्या, कॅनव्हास, चामडं.

संध्याकाळी पाऊस थोडा थांबला तसा महालात जाऊन काकाजींना दाखवला. त्यांनी दारात उजेडाला धरला, धारेकडे आधी पाहिलं, मग नखानं तो खड्डा चाचपला.

"चालते अजून. धार तिथवर पोचायला लय वर्षं लागतीन तुम्हाले. पण कव्हरात नका ठेवू जी आता."

आज सकाळी दाढी झाल्यावर पुसला, तेल लावलं आणि बाथरूममधून बाहेर आणून कपाटावर उघडाच ठेवला आहे, पंख्याखाली. झड परत सुरू झाली.