राजहंसगडावर बिनइंजिनाचं विमान

बेळगावचं वडगाव सोडून राजहंसगडासाठी येळ्ळूरच्या रस्त्याला लागलो. गाडीच्या मागच्या सीटवर विमान आडवं घातलेलं. फोमचं, दीड मीटर पंखांचं, जागोजागी टेप मारलेलं. इंजिन नाही, पंखा नाही. रिमोटवर फक्त शेपटी आणि पंखांच्या कडा हलतात.

मित्र पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर खऱ्या ग्लायडरमध्ये बसून आलेला. तिथं विंच असते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फिरणारा ड्रम तार गुंडाळत ग्लायडरला खेचतो, ते ताठ वर चढतं, मग पायलट तार सोडून देतो. वर तापलेली हवा सापडली तर मुक्काम लांबतो, नाहीतर काही मिनिटांत खाली. "आपल्याकडं विंच नसंना, डोंगर आहे की," हे त्याचं म्हणणं.

गडावर रविवारची गर्दी, बहुतेक सगळे शिवरायांच्या पुतळ्यापाशी. मार्च २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालेला हा पुतळा. निवडणूक तोंडावर होती, एवढं सांगितलं की पुरे. लोकांच्या डोक्यावर विमान नको म्हणून आम्ही तटाबाहेर, पश्चिमेच्या उतारावर गेलो.

मे महिना. जांबोटीच्या बाजूनं वारं येत होतं. उताराला आपटलं की ते वर चढतं, आणि ग्लायडर ज्या वेगानं खाली उतरतं त्यापेक्षा ते जोरात चढत असलं की विमान वरच राहतं. मित्रानं चिमूटभर वाळलं गवत सोडलं. ते डोक्यावरून मागं गेलं. मग त्यानं विमान भिरकावलं. आधी ते सरळ दरीत गेलं, माझ्या पोटात गोळा. आणि मग आवाज न करता आमच्या वर आलं.

शेळ्या राखणारे एक मामा थांबले. "पेट्रोल कुठं घालतासा?"

"पेट्रोल नाही मामा, वाऱ्यावर चालूलालंय."

"मग घारीगतच की!"

रिमोट माझ्या हातात आला तेव्हा एकच ताकीद होती: वळण नेहमी डोंगरापासून बाहेर. आत वळलं की वारं पाठीला लागतं आणि माथ्यामागं ढकलतं. तिथली हवा खाली कोसळत असते. मोठ्या ग्लायडरलाही हाच नियम. मला जास्त छळलं ते डाव्या-उजव्यानं, कारण विमान आपल्याकडं तोंड करून आलं की दोन्ही उलटतात.

खरी घारही आली. थोडा वेळ उतारालगत आमच्या बरोबरीनं सरकली, मग खालच्या नांगरटीवर गोल फिरत चढत गेली. "तिला थर्मल गावलं, तापून वर चढणारी हवा. आपण तिकडं जायचं नाही," मित्र म्हणाला. "परत यायला इंजिन कुठाय?"

दुपार कलताना पूर्वेला वळवाचे ढग चढले आणि वारं पडलं. मित्रानं विमान लगेच माथ्यावरच्या गवतात उतरवलं. थोड्याच वेळात शहराच्या बाजूनं धुळीसकट थंड झोत आला. ढगातून कोसळलेली हवा अशी जमिनीवरून पसरते, आणि मघाशी विमान उचलणारा तोच उतार आता त्याला खाली दाबणारा झाला होता.

कुणाला जायचं असेल तर मे किंवा पावसाआधीचा जून बघा. जुलैत वारं भरपूर असतं, पण धुक्यात विमान सोडा, बुरूजसुद्धा दिसत नाही.